आत्याच्या वहीतलं रेडिओचं एक पान: कुणाला उलगडतंय का?

पसरणीकर

मंडळी, एक कोडं आणलंय. जुन्या रेडिओचे कान असलेल्या लोकांनीच वाचा, बाकीच्यांना कंटाळा येईल.

माझी थोरली आत्या वाईला मधल्या आळीत दोन खोल्यांत एकटी राहायची. शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. खोल्या रिकाम्या करताना माळ्यावर दोनशे पानी वह्यांचा गठ्ठा सापडला, प्रत्येकीवर 'जमाखर्च' लिहिलेलं. जमाखर्चच आहे सगळा. दूध किती, रॉकेल किती, कुणी किती उसने नेले आणि (लाल शाईत) परत दिले नाहीत. त्यातल्या एका वहीत मात्र मधेच तीसेक पानं रेडिओची आहेत.

बाबा म्हणतात, ती न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि दीड महिना पाय प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हाचं असेल. त्यांनीच तिला उशाशी ट्रान्झिस्टर नेऊन दिला होता. नक्की कोणतं साल ते त्यांना सांगता येत नाही. 'तू नव्हतास तेव्हा' एवढंच. मी नव्हतो असा काळ बराच मोठा आहे.

एक पान जसंच्या तसं उतरवतो. कोपऱ्यात चौकोन करून लिहिलंय: 'पु. 792, मु.ब 558, सां. 1251'. पुढे:

> 11 जुलै, बुध. रात्रभर पाऊस.
> 6.55 सं.बा. ब.सा. 'श्रूयन्ताम्' स्पष्ट. बाकी खरखर.
> 7.05 पु. सु.न. तिच्याबद्दल अगदी शेवटी दोन वाक्ये.
> 8.30 दि. ती आज पडणार. कुठे ते सांगत नाहीत. मो. यांचेही तेच.
> बंद. सेल वाचवणे.
> शा.का. 7 वी, इतिहास. मुले ऐकत असतील का? कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली!!
> दुपारी मु.ब. व.मं. मक्याचे. 4 कणसे किसून, दूध 1 वाटी, आले, मिरची, फोडणीत (सुमन आली. गेली तेव्हा कार्यक्रम संपलेला.)
> 1.30 दि. तेच.
> धी. 2 पाने उतरवली. पूर्णविराम सोडून सर्व बरोबर.
> सायं. शे. हळद. पाणी साचू देऊ नये. बापूला सांगणे.
> 7 मु. ती रात्री.
> ह.व्य. मुलगा, वय 9, सावळा, निळी चड्डी, डाव्या भुवईवर व्रण. मराठी बोलतो. सापडो.
> रात्री श्रु. बरी. नवरा फार ओरडतो.
> 10.20 अजून काही नाही. सेल संपत आले. बंद.

बापू म्हणजे माझे बाबा, पसरणीला शेत आहे, तेवढं कळलं. पण साल कोणतं? आणि ही सकाळपासून रात्रीपर्यंत पडणारी 'ती' कोण? बायको म्हणते शेजारच्या वाड्याची भिंत असेल. पण भिंतीची बातमी दिल्लीहून कशी देतील? बाकीची आद्याक्षरं कुणी सोडवून दिलीत तर उपकार होतील.

निवृत्त पोस्टमास्तर

अहो, भिंत कसली! स्कायलॅब!

बुधवार, 11 जुलै 1979. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, पाऊणशे टनांची. प्रयोगशाळा म्हणून 'ती'. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा एका खेड्यातल्या पोस्टात होतो. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उद्या आहोत की नाही कुणाला ठाऊक म्हणून. बचत खात्यातले पैसे काढायला रांग लागली होती. एका म्हातारबुवांना मी विचारलं, 'जगबुडी व्हायचीय तर पैसे काढून करणार काय?' ते म्हणाले, 'बुडताना खिशात असावेत.'

'मो.' म्हणजे मोरारजी देसाई, पंतप्रधान. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत अविश्वासाचा ठराव आणला होता. 15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. 'कुठे ते सांगत नाहीत, मो. यांचेही तेच' हे वाचून एकटाच हसलो बराच वेळ. तुमच्या आत्याबाई भारी होत्या.

'सं.बा.' संस्कृत बातम्या, सकाळी 6.55. 'इयम् आकाशवाणी. सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्. प्रवाचकः बलदेवानन्दसागरः.' संस्कृतचा गंध नसलेल्या घरातसुद्धा हे तोंडपाठ असायचं. 1974 च्या जूनअखेरीला सुरू झाल्या. 'सु.न.' म्हणजे पुण्याच्या सुधा नरवणे, प्रादेशिक बातम्या. 'दि.' म्हणजे दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्या, सकाळी साडेआठ आणि दुपारी दीड.

आणि त्या गठ्ठ्यात रेडिओच्या लायसनचं पुस्तक सापडलं तर टाकू नका. दरवर्षी आमच्याच खिडकीवर येऊन नूतनीकरण करावं लागायचं.

खरखर

पोस्टमास्तरांनी साल काढलंच आहे, पण मी ते कोपऱ्यातल्या चौकोनावरून जवळपास काढलं असतं. तीनही आकड्यांना 9 नं भाग जातो बघा. पुण्याचे 792 म्हणजे 88 नव्वे, मुंबई 'ब'चे 558 म्हणजे 62 नव्वे, सांगलीचे 1251 म्हणजे 139 नव्वे. जिनिव्हाच्या करारानुसार मध्यमलहरीवरची केंद्रं 9-9 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवली गेली, ती 1978 च्या नोव्हेंबरअखेर. म्हणजे पान त्यानंतरचं. आत्यांनी आकडे चौकटीत लिहून ठेवलेत, त्याअर्थी काट्याच्या जागा नव्यानं पाठ करत असणार.

वाईहून पुणे दिवसभर स्वच्छ लागायचं. मुंबई 'ब' दिवसा लागायची, पण कढईत मोहरी तडतडल्यासारखी. सूर्य मावळला की वरच्या हवेतला लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि लांबची केंद्रं एकदम जवळ येतात. सोबत नको ती पाहुणेमंडळीही येतात, म्हणून रात्री श्रुतिकेतल्या नवऱ्याच्या मागे एखादा अरबी गृहस्थ बोलत असला तर नवल नाही.

सेल वाचवायचं कारण आजच्या पोरांना पटणार नाही. चार मोठे सेल महिनाभर पुरवायचे. संपत आले की उन्हात ठेवायचे, अर्धा तास जास्त चालायचे.

त्या आठवड्यात आमच्या घरी स्कायलॅबला कुणी विचारत नव्हतं, कारण दुसऱ्या दिवसापासून एजबॅस्टनची कसोटी होती. लघुलहरीवर बीबीसी धरून बसलो. गॉवरनं नाबाद 200 काढले आणि आपण डावानं हरलो. स्कायलॅब पडली असती तर बरं, असं थोरला भाऊ म्हणाला होता.

स्टुडिओ नंबर दोन

मी एका आकाशवाणी केंद्रावर 1981 पासून बारा वर्षं हंगामी निवेदक होते. केंद्राचं नाव सांगत नाही, पुढे थोडी तक्रार आहे म्हणून.

आधी कोडं. 'शा.का.' म्हणजे शालेय कार्यक्रम. शाळेत एक रेडिओ असायचा, बहुतेक मुख्याध्यापकांच्या खोलीत कडीकुलपात, आणि तो लावायची जबाबदारी एका शिक्षकावर. तुमच्या आत्यांवर होती असं दिसतंय, आणि पाय मोडला त्या दिवशी किल्ली त्यांच्याच पिशवीत राहिली. दोन उद्गारचिन्हं उगाच नाहीत.

'व.मं.' वनिता मंडळ, मुंबईचा बायकांचा कार्यक्रम. 'शे.' शेतकऱ्यांसाठी. 'श्रु.' श्रुतिका. 'धी.' म्हणजे धीमी गति, दिल्लीच्या हिंदी बातम्या. एकेक तुकडा दोनदा, सावकाश, 'पूर्ण विराम' असं मोठ्यानं म्हणत. तालुक्याच्या साप्ताहिकांना तारेनं बातम्या घेणं परवडायचं नाही, ते ऐकून उतरवून घ्यायचे. तुमच्या आत्या कशाला उतरवत होत्या? राष्ट्रभाषेची परीक्षा देत होत्या का?

'ह.व्य.' वाचून माझ्या पोटात कालवलं. हरवलेल्या व्यक्ती. पोलिसांकडून कागद यायचा, टंकलेखनाच्या चुकांसकट. रंग, उंची, अंगातले कपडे, कोणती भाषा बोलतो, सापडल्यास कोणत्या ठाण्याला कळवायचं. वाचताना आवाजात काही आणायचं नाही अशी ताकीद. भाव आणलात तर तपशील हरवतात, आमचे वरिष्ठ सांगायचे, आणि ते खरं होतं. पण घरी आल्यावर निळी चड्डी डोळ्यांपुढून हलायची नाही. मुलगा सापडला असं निवेदन कधी माझ्या हातात आलं नाही. सापडलेल्यांचे कागद यायचेच नाहीत.

आता आतली गोष्ट. तीन सभा असायच्या: सकाळची, दुपारची, संध्याकाळची. मधे ट्रान्समीटर चक्क बंद. सकाळच्या सभेला गाडी पहाटे साडेचारला न्यायला यायची. चपला बाहेर काढून स्टुडिओत जायचं, समोर क्यू शीट, त्यावर मिनिट-सेकंदांसकट दिवस आखलेला. कुणाचं भाषण दहा मिनिटांचं ठरलेलं आणि आठ मिनिटं चाळीस सेकंदांत आटोपलं, तर उरलेल्या वेळात वाद्यसंगीत. श्रोत्यांना वाटायचं, वा, सरोद! खरं म्हणजे कुणीतरी प्राध्यापक भरभर वाचून मोकळे झालेले असायचे.

भाषणाला आधी कंत्राट पोस्टानं जायचं. संहिता अगोदर द्यायची, ती तपासली जायची आणि मग वाचायची तीच, शब्द इकडचा तिकडे नाही. कागद एकाच बाजूनं लिहिलेले, टाचणी काढलेली, नाहीतर पान उलटताना माइकवर वादळ येतं. नवखे वक्ते हातवारे करायचे. एका कीर्तनकारबुवांनी टेबलावर असा हात आपटला की रेकॉर्डिंगच्या खोलीतला काटा लाल पट्टीत जाऊन अडकला. पुढे तो भाग परत करायला सांगितला तर म्हणाले, 'आवेश परत येत नसतो.' बरोबरच होतं त्यांचं.

आणि ही माझी तक्रार. सात इंची स्पूल म्हणजे 1200 फूट फीत, नेहमीच्या वेगानं 32 मिनिटं. फीत महाग, कोटा ठरलेला. प्रक्षेपण झालं की गाणी आणि मोठ्या माणसांच्या मुलाखती कपाटात, बाकी सगळं पुसायला. हळदीवरचं भाषण, कणसाची पाककृती, बाळंतिणीच्या आहारावर डॉक्टरीणबाईंनी दिलेली उत्तरं, सगळं पुसून त्यावर पुढच्या आठवड्याचं. मी स्वतः पुसलंय. चिठ्ठी फाडायची, स्पूल यंत्रावर ठेवायचा, संपलं. मी सांभाळून ठेवूया म्हटलं तर 'बाई, कपाट तुमच्या घरी आहे का?' असं विचारलं होतं मला. गाण्यांच्या आठवणी काढणारे लोक रोज भेटतात, कारण गाणी पुन्हा वाजतात. बोललेलं ज्यानं कुणी घरी बसून लिहून घेतलं असेल तेवढंच राहिलं. म्हणून म्हणते, ती तीस पानं स्कॅन करा, आणि किराण्याचे हिशेबही फाडू नका.

तिरकस

थोडं मीठ टाकतो. मीही ऐकलंय हे सगळं, आणि अर्ध्याहून जास्त रटाळ होतं. 'कुटुंबकल्याणाचे महत्त्व', 'अल्पबचत: एक दृष्टिक्षेप'. बातम्यांत मंत्र्यांनी कुठे कोनशिला बसवली ते आधी आणि पूर कुठे आला ते नंतर. सरकारी खातंच होतं ते, प्रसार भारती झाली 1997 ला. आणीबाणीत आमचे आजोबा मराठी बातम्या बंद करून रात्री बीबीसी शोधायचे. पर्याय नव्हता म्हणून ऐकायचो. आत्याबाईंचा पाय धड असता तर त्यांनी तरी दिवसभर ऐकलं असतं का?

सोमवारचा बाजार

@तिरकस, रटाळ होतं हे मान्य. पण शेतीचा कार्यक्रम त्यात धरू नका. आमच्या आजोबांच्या गावात 1956 साली रेडिओ श्रोता मंडळ होतं. पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी मिळून केलेला प्रयोग, पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. वीसेक माणसं चावडीत बसून ऐकायची, मग वाद घालायची आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवायची. उत्तर रेडिओवरून यायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं नंतर त्याचा अभ्यासही केला. आजोबांचा प्रश्न उंदरांबद्दल होता. उत्तरात 'आपल्या श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं आहे' एवढंच म्हणाले, नाव घेतलं नाही, तर आजोबा मरेपर्यंत ती गोष्ट नावासकट सांगायचे.

ग्रामीण कार्यक्रमात पुण्याला तेव्हा व्यंकटेश माडगूळकर होते. ती माणसं शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखं बोलायची. हल्ली मोबाईलवर शेतीसल्ला येतो, त्यात 'आपल्या पिकाचे अनुकूलन करा' असलं काहीतरी असतं. हळदीत पाणी साचू देऊ नये, हे कसं समजतं!

मला मात्र पानात 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकेतले टेकाडे भावजी सापडतील असं वाटलं होतं. 'पुन्हा प्रपंच' लागलं की आमची आई पोळी तव्यावर विसरायची. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, पंत म्हणजे बाळ कुडतरकर, भावजी प्रभाकर जोशी. तिघं बोलत बसलीत, बाकी काही नाही, आणि अख्खी चाळ गप्प.

कढीलिंब

तुमची सगळ्यांची चर्चा थोर आहे, पण कणसाचं काय? फोडणीत काय राहिलं ते मी सांगते. हा मक्याचा कीस आहे. तूप, जिरं, हिंग. हळद घालायची नाही, कणसाचा रंग मरतो. कीस परतायचा, मग दूध, झाकण, वाफ. शेवटी मीठ, चिमूट साखर, लिंबू, खोबरं-कोथिंबीर. दूध मिठाच्या आधी. कोवळी कणसं घ्या, अमेरिकन मका घेतलात तर खीर होईल.

पसरणीकर

सगळ्यांचे आभार. भिंतीचा सिद्धांत बायकोनं मागे घेतलाय, पण 'दिल्लीनं वाड्यांच्या भिंतींची बातमी दिली असती तर चार माणसं वाचली असती' असं म्हणतेय.

@स्टुडिओ नंबर दोन, बरोबर ओळखलंत. राष्ट्रभाषेची 'पंडित' परीक्षा. प्रमाणपत्र सापडलं, फ्रेममध्ये, उलटं करून भिंतीला टेकवलेलं. स्कॅनिंग आजपासून सुरू. तीस नाही, एकतीस पानं आहेत.

@तिरकस, तुमचा प्रश्न बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, 'नसता ऐकला. तिला वेळ कुठं होता? पाय मोडला तेवढीच सुट्टी मिळाली तिला बत्तीस वर्षांत.' मग म्हणाले की हळदीचा निरोप त्यांना पोचला होता, पोस्टकार्डानं, चार दिवसांनी. तोवर त्यांनी चर काढले होते. तसं तिला कळवलं नाही. 'रेडिओनं सांगितलं म्हणून वाचली हळद' असंच कळवलं.

@निवृत्त पोस्टमास्तर, स्कायलॅब पडली ती वेळ मी शोधली. आपल्या घड्याळानं रात्रीचे 10 वाजून 7 मिनिटं. आत्यानं 10.20 ला 'अजून काही नाही' लिहून रेडिओ बंद केला तेव्हा ती पडून तेरा मिनिटं झाली होती.

@कढीलिंब, रविवारी कीस केला. मीठ आधी पडलं. नासला. पुन्हा करतो.

पुढचं पान उलटून बघायचं मला सुचलंच नव्हतं. तेही देतो:

> 12 जुलै, गुरु. उघडीप.
> 8.30 दि. ऑस्ट्रेलियात पडली. मो. अजून आहेत.
> शाळेतून शिपाई किल्ली नेण्यास आला. त्याला चहा.
> सुमनला विचारले, फोडणीत काय असते. म्हणाली, तुम्हीच ऐकत होतात ना.
> सेल 4, उधार.